तासाभराचा रस्ता

आमच्या भागात कुणालाही विचारा, अमुक गाव किती लांब, तर तो मैल सांगत नसे. वेळ सांगे. भाकर खाऊन निघालं तं उन्ह चढायच्या आत पोचते, असं म्हणे. वडनेर भोलजी म्हणजे घंटाभर, सोनाळा म्हणजे पुरा दिवस, आणि नाल्यापलीकडचं वावर म्हणजे एक बिडी. मी सांगतोय तेव्हा महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तालुक्याच्या गावाला वीज आली होती, पण आमच्या गावाला जायला बैलगाडीची चाकोरी सोडून दुसरा रस्ता नव्हता.

त्या वर्षीच्या दिवाळीत माझी थोरली बहीण गेली. ती बाळंतपणात गेली, एवढं सगळ्यांना माहीत आहे. ती माझ्या एका वाक्यामुळे गेली, हे मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलं, आणि ती दोन्ही आता नाहीत. तिसऱ्यांदा सांगायला कुणी उरलं नाही म्हणून लिहितो आहे. मला कुणाची माफी नको. माफी मिळण्यासारखं यात काही आहे असं मला वाटतही नाही.

मी नागपूरला एम.एस्सी. करत होतो. विषय भौतिकशास्त्र. गावातून एवढं शिकणारा मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. त्या सत्रात आमच्या सरांनी सापेक्षता शिकवायला घेतली होती. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, प्रकाशाचा वेग बरोबर एक. एक काय? मैल नाही, सेकंद नाही, नुसता एक. हे एकदा मान्य केलं की लांबी आणि वेळ एकाच मापानं मोजता येतात. चंद्र सव्वा सेकंद लांब, सूर्य आठ मिनिटं. मग वेळ ही निराळी वस्तू राहतच नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांच्या जोडीला ती आणखी एक दिशा होते, आणि सगळं जग म्हणजे एक नकाशा. एखादी घटना म्हणजे त्या नकाशावरचा ठिपका, आणि माणसाचं आयुष्य म्हणजे एक रेघ. सर म्हणाले, मीटर आणि सेकंद या माणसाने केलेल्या सोयी आहेत, निसर्गाचं स्वतःचं माप हे.

मी हरखून गेलो. म्हणजे आमच्या गावचे लोक जन्मभर निसर्गाच्या मापात बोलत होते की! अडाणी म्हणून ज्यांना हसायचं, ते शिकलेल्यांच्या पुढे निघाले. हे घरी जाऊन सांगायची मला इतकी घाई झाली होती की दिवाळीच्या सुट्टीत पिशवी खाली ठेवायच्या आधी मी बोलायला लागलो.

मी बाबांनाच सांगायला हवं होतं, कारण त्यांचं आणि गावाचं याच गोष्टीवरून वाजायचं. बाबा गावच्या शाळेत मास्तर. शेर जाऊन किलो आले, मैल जाऊन किलोमीटर आले, आणि हे सगळं गावाच्या गळी उतरवायचं काम सरकारनं जणू एकट्या बाबांवर सोपवलं होतं. शाळेला एक लाकडी मीटरपट्टी मिळाली होती, ती ते फडक्यात गुंडाळून ठेवत. कुणी घंटाभराचा रस्ता म्हणालं की ते चिडत आणि विचारत, घंटा कोणाचा? म्हाताऱ्याचा का तरण्या पोराचा? तालुक्याचं गाव सहा मैल आहे, नव्या मापानं साडेनऊ किलोमीटरच्या वर, हे त्यांनी शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहून ठेवलं होतं. त्या भिंतीला टेकून म्हातारे बसत आणि घंटाभर म्हणत.

मी बाबांना प्रकाशाचा वेग एक करून दाखवला. ते ऐकून घेत होते, पण त्यांना पटलं नव्हतं. माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणाला माहेरी आली होती, ती ओसरीवर दुपटं शिवत बसली होती. तिला नववा लागला होता, पहिलंच बाळंतपण. सातवीत तिची शाळा सुटली, पण हिशेबात ती माझ्यापेक्षा तल्लख होती. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. माझी बाजू तिनंच घेतली.

"बाबा, त्याचं बरोबर हाय," ती म्हणाली. "बाईमानसाले मैल सांगून काय उपेग? तिले सयपाक आटपून कई निघा लागते, ते पायजे."

बाबा हसले. मला जिंकल्यासारखं झालं. लेकीपुढे ते नेहमीच हरत, पण मला वाटलं माझं शास्त्र जिंकलं.

भाऊबीज झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का मोकळी झाली. मुलगा झाला. सुईण गावातलीच, हाताला यश असलेली बाई. आम्हा दोघा भावंडांनाही तिनंच याच घरात जन्माला आणलं होतं. पण दिवस वर आला तरी अक्काचं रक्त थांबेना. सुईणीनं जे माहीत होतं ते सगळं केलं, मग ती बाहेर येऊन बाबांना म्हणाली की आता माझ्या हातचं नाही, डॉक्टर आणा.  मी त्यांची सायकल काढली.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या तेव्हा वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. कुठे सायकलवर, कुठे सायकल हातात धरून पळत, असा मी गेलो. तासभर लागला. वाटेत दुतर्फा कापूस फुटला होता आणि बाया वेचणीला लागल्या होत्या. त्यातली एक ओळखीची होती. तिनं हाक मारून विचारलं, काऊन पळून राह्यला? मी तसाच पुढे पळालो.

डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण, येऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली जुनी जीप होती, ती दवाखान्यासमोर उभी होती. आत टेबलावर एक माणूस होता, जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या, यंत्रात हात सापडलेला. डॉक्टर त्याच्या दंडाला आवळून बांधत होते. कंपाउंडर मागे पाणी उकळत होता. मी दारातूनच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, एक-दोन प्रश्न विचारले, किती वेळ झाला, पहिलंच का. गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांना ते माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, किती लांब आहे?

मी म्हणालो, "तासाभराच्या रस्त्यावर."

त्यांनी मनातल्या मनात मोजलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. ते म्हणाले, "म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. याला दोन तास सोडलं तर हा जाईल. जवळ असतं तर आत्ता निघालो असतो." मग त्यांनी भराभर सांगितलं, तिला इकडे घेऊन या, मिळेल त्या गाडीनं, पाय उंच ठेवा, अंगावर पांघरूण घाला, मी इथं सगळी तयारी करून ठेवतो.

जाऊन-येऊन दोन तास. मला ते बरोबरच वाटलं. मी आत्ताच तासभर सायकल हाणून आलो होतो, परत जायला तासभर लागणार होता, झाले दोन. ते जीपचे दोन तास मोजत आहेत, आपलं गाव त्यांनी वीस-पंचवीस मैलांवर नेऊन ठेवलं आहे, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. सहा मैल हा आकडा मला पाठ होता. लहानपणापासून भिंतीवर वाचत होतो. तोंडात आलं ते घंटाभर, फक्त शिकल्यामुळे त्याचं तासभर झालं होतं.

मी परत फिरलो. पुन्हा तासभर. घरी पोचलो तेव्हा अक्का शुद्धीवर होती, पण ओठ पांढरे पडले होते. शेजाऱ्यांची दमणी, म्हणजे पाहुण्यांना न्यायची हलकी बैलगाडी, बाबांनी आधीच जुंपून ठेवली होती. आत गादी, गादीवर आणखी गोधड्या. माय आत बसली आणि अक्काचं डोकं मांडीवर घेतलं. बाबा हाकायला. बाळ सुईणीजवळ ठेवलं. मी मागून चालत होतो, चाक चाकोरीतून उतरायच्या आधी गाडीचा मागचा दांडा दोन्ही हातांनी उचलून धरायचा, म्हणजे धक्का कमी बसेल, असं करत.

तीच दमणी रिकामी असती तर बैलांनी तासाभरात नेली असती. पण प्रत्येक हिसक्याला आतून कण्हणं यायचं आणि बाबा बैलांची वेसण ओढायचे. बैल नाठाळ नव्हते, बिचारे पावलं मोजून टाकत होते. मध्येच माय बाहेर डोकावून पाणी मागे, मी देई. अर्ध्या वाटेपर्यंत अक्काचा आवाज येत होता. ती मायशी हळूहळू काही बोलत होती, मला शब्द कळत नव्हते. मग आवाज यायचा थांबला. आम्हाला पोचायला अडीच तास लागले.

डॉक्टर पायऱ्या उतरून पळत आले आणि त्यांनी गाडीतच अक्काचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तो हात त्यांनी पांघरुणाखाली सारला. मायनं ते पाहिलं.

बाबा बैलांजवळ उभे होते, माय गाडीत होती, आणि पायरीवर आम्ही तिघं, मी, डॉक्टर, कंपाउंडर. कंपाउंडर इथलाच माणूस. त्यानं मला गाव विचारलं आणि डॉक्टरांना म्हणाला, साहेब, हे तं इथं सहा मैलावर हाय.

डॉक्टर माझ्याकडे वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सहा मैल?" ते म्हणाले. "तुम्ही तासाभराचा रस्ता म्हणालात. मी वीस मिनिटांत पोचलो असतो."

ते आत गेले. जिनिंगचा तो माणूस वाचला होता, तो आतून पाणी मागत होता.

परत जाताना मायनं मला विचारलं, "काऊन नाही आला तो?"

मी म्हणालो, "नाही म्हणाला."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज बोलता आलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की डॉक्टरनं दारात आलेल्या पोराला नाही म्हणून परत लावलं, बाई रस्त्यात मेली. दोन दिवसांत शेजारच्या गावांना कळलं. दारात जीप उभी होती हेही कुणीतरी पाहिलं होतं, त्यामुळे कुणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही. आमच्या बाजूचे लोक त्या दवाखान्यात जायचे बंद झाले. त्यांच्या जीपवर कुणी शेण फेकलं. पुढच्या दिवाळीच्या आधी ते सामान बांधून निघून गेले. जायच्या आठवडाभर आधी ते मला बाजारात भेटले होते. मान खाली घालून मी सटकणार होतो, त्यांनीच थांबवून आईची तब्येत विचारली. त्यांनी एका शब्दानं गावात खरं सांगितलं असतं तर सुटले असते. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कंपाउंडरलाही बोलू दिलं नसावं. अशा माणसाच्या जीपवर माझ्यामुळे शेण पडलं.

बाबांना मी दहाव्याला नदीवर सांगितलं. ते गुडघाभर पाण्यात उभे होते. सांगून झाल्यावर मी वाट पाहत राहिलो की ते मला मारतील. ते म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको. डॉक्टरवर राग धरून ती जगून जाईन. तुह्यावर धरा लागला तं नाही जगणार." मग त्यांनी डोकं भिजवलं आणि बाहेर आले. शाळेच्या भिंतीवरचे ते आकडे त्यांनी त्याच आठवड्यात चुन्यानं पुसून टाकले. मुलं विचारत, तर म्हणत, पावसानं गेले. त्यानंतर ते मला कधीही रागावले नाहीत, कशावरूनही नाही.

अक्काचा मुलगा सासरच्यांनी नेला. भाऊजींनी दुसरं लग्न केलं, त्या बाईनं त्याला नीट वाढवलं असं ऐकतो.

मी एम.एस्सी. झालो, जिल्ह्यातच एका कॉलेजात शिकवायला लागलो आणि दरवर्षी सापेक्षता शिकवत राहिलो. प्रकाशाचा वेग एक का धरता येतो यावर मी एक पूर्ण तास घेत असे. मुलांना कंटाळा येई, कारण पुस्तकात ते एका ओळीत होतं. धरता येतो, कारण तो सगळ्यांना सारखाच असतो. उभ्या माणसाला, पळत्या माणसाला, आजाऱ्याला, डॉक्टरला, सगळ्यांना. म्हणून त्याच्या मापात अंतर सांगितलं की ऐकणाऱ्याला तेच अंतर कळतं. बैलाचं, सायकलचं, जीपचं तसं नाही. यात अवघड काय आहे? काहीच नाही. फळ्यासमोर मला ते येत होतं. दवाखान्याच्या दारात आलं नाही.

माझे एक सहकारी गणिताचे. त्यांची पत्नी वारल्यावर ते या विषयाच्या नादी लागले. मला म्हणाले, तुमच्या त्या भूमितीत कुणी जात नाही हो, सगळे क्षण आपापल्या जागी कायम असतात, केवढा धीर आहे त्यात. मी त्यांच्यावर उगाच खेकसलो. त्यांना काय सांगणार? क्षण कायम असतात तर ते अडीच ताससुद्धा कायम आहेत. ती गाडी त्या चाकोरीतच आहे. पहिला ठिपका आमच्या ओसरीवर, दुसरा दवाखान्याच्या पायरीशी. त्या दोघांमध्ये वीस मिनिटांची एक रेघ निघू शकत होती. माझ्या वाक्यानं ती पुसली आणि अडीच तासांची काढली. नकाशावर काढलेली रेघ आता हलत नाही. धीर घ्यायचा तर कशाचा घ्यायचा?

बाबा गेल्यावर माय माझ्याकडे राहायला आली. डॉक्टर हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. ताप आला तर काढा, पाय मुरगळला तर हळद. मी नेऊ का विचारलं की ती म्हणे, माह्या पोरीले ज्यानं रस्त्यात मारलं, त्या जातीचं तोंड मी पाह्यणार नाही. मी ऐकून घेई आणि कॉलेजला निघून जाई. बाबा म्हणाले होते की राग धरून ती जगेल. ती खरंच जगत होती, खडखडीत होती.

एके दिवशी माझी बायको तिला न्हाऊ घालत होती, तेव्हा तिला मायच्या छातीत गाठ दिसली. लिंबाएवढी, वरची कातडी ओढलेली. केव्हापासून आहे विचारलं तर माय म्हणाली, दोन वर्षं झाले असतीन. बायकोनं मला बाहेर बोलावून सांगितलं. मी मायला तीन दिवस विनवण्या केल्या. ती हूं का चूं करेना.

चौथ्या दिवशी दुपारी ती सुपात गहू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर नाही का म्हणाले ते. मी काय म्हणालो होतो ते. पायरीवर ते काय बोलले तेही. मी बोलत होतो आणि तिचे हात चालूच होते, खडे एका बाजूला, गहू एका बाजूला.

मी थांबल्यावर तिनं विचारलं, "जीपनं किती वेळ लागला असता?"

"वीस मिनिटं."

तिनं सूप खाली ठेवलं.  मला वाटलं आता ती उठून आत जाईल आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही.

"अर्ध्या रस्त्यात तुही अक्का मले म्हणे," माय म्हणाली, "माय, भाऊ सकाळपासून पायावर हाय, त्याले गाडीत बस म्हण. मी तुले सांगतलं नाही. म्हटलं, रडशीन."

मी रडलो. तिनं मला जवळ घेतलं नाही, गप्प कर असंही म्हणाली नाही. मग ती उठली, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, चाल, कुठं नेतं ते ने.

डॉक्टरांनी तिला पडद्याआड तपासलं आणि मला एकट्याला बोलावून सांगितलं. मी बाहेर आलो तेव्हा ती बाकावर बसली होती, हातात पिशवी घट्ट धरून.

"काय म्हणते तो?" तिनं विचारलं.

काहीतरी बरं बोलायची सवय माझ्या जिभेला होती. मी ते गिळलं.

"दोन वर्षांपूर्वी आणली असती तर वाचली असती, म्हणतात. आता उशीर झाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं तिनं कोणाच्या रागापायी घालवली हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "त्या जीपवाल्या डॉक्टरचा पत्ता काढ. मी मेल्यावर नको जाऊ, आता जाऊन ये."